शहर परत मिळालं, आता पोलीस कुठून आणायचे? (हाँगकाँग, १९४५)

दर्यावर्दी

मागच्या महिन्यात कामानिमित्त आठवडाभर हाँगकाँगला होतो. शेवटच्या दिवशी विमानाला वेळ होता म्हणून हॉलिवूड रोडवरच्या ताय क्वूनमध्ये शिरलो. हे जुनं सेंट्रल पोलीस स्टेशन. शेजारी कोर्ट, मागे तुरुंग, आणि २०१८ पासून सगळं आवार लोकांना खुलं. जिथे कैद्यांना फिरवायचे तिथे आता लोक कॉफी पितात. तिथून परत आल्यापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय, तो इथे टाकतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. ८ डिसेंबर १९४१ ला जपान्यांनी हल्ला केला आणि २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, ब्रिटिश गव्हर्नर मार्क यंगने शरणागती पत्करली. गोरे पोलीस अधिकारी कमिशनर पेनेफादर-इव्हान्ससकट हाँगकाँगमधल्याच स्टॅन्लीच्या कैद-छावणीत गेले. चिनी आणि हिंदुस्थानी शिपाई बाहेर राहिले. त्यांच्यातले बरेच जण नव्या मालकाच्या, म्हणजे केम्पेताई या लष्करी पोलिसांच्या हाताखाली कामाला लागले. हे पावणेचार वर्षं चाललं.

तिकडे लंडनमध्ये वसाहत खात्याने १९४३ मध्ये हाँगकाँगसाठी एक छोटं नियोजन पथक बसवलं. १९४४ पासून त्याचा प्रमुख होता डेव्हिड मॅक्डुगल. हा गडी शरणागतीच्या संध्याकाळी गोळी लागूनही टॉर्पेडो बोटीतून निसटला होता. शहर शत्रूच्या ताब्यात, तिथे कोण जिवंत आहे त्याचा पत्ता नाही, शहर ब्रिटिशांना परत मिळणार की चीनचा नेता चँग कै-शेक घेणार तेही ठरलेलं नाही, आणि हे लोक टेबलाशी बसून पुढच्या कारभाराची आखणी करतायत. स्टॅन्लीच्या तारेआडचे अधिकारीही 'सुटल्यावर काय' याचा खल करतच होते.

तर प्रश्न असा. तुम्ही त्या टेबलाशी असता तर जपान्यांच्या हाताखाली काम केलेल्या शिपायांचं काय केलं असतं? सगळ्यांना घरी बसवायचं? सगळ्यांना ठेवायचं? की निवडायचं, आणि निवडायचं तर कशावरून?

---

चहाटळ

मी आधी टेबलाची ऑर्डर दिली असती, मग खुर्च्यांची, मग समिती. तोवर युद्ध संपलं असतं.

---

मधुमालती

छान विषय. वाचतेय. फक्त एक, 'नवा मालक' हा शब्द खटकला. शिपायाच्या बाजूने बघितलं तर जुना मालकही मालकच होता ना?

---

तिरसट

मधुमालती +१. मुळात प्रश्नच साहेबाच्या खुर्चीत बसून विचारलाय. वसाहतीचं पोलीस दल 'पुन्हा उभारायचं' कशाला? मोडलं होतं ते बरंच झालं होतं. लंडनच्या टेबलाशी एक तरी चिनी माणूस होता का?

---

दर्यावर्दी

@तिरसट, टीका मान्य. पण ऑगस्ट १९४५ मध्ये रस्त्यावरच्या माणसाला 'कुठलं दल' याच्या आधी 'दल आहे की नाही' हा प्रश्न होता. १५ ऑगस्टला जपानने हार मानली, ब्रिटिश रिअर ॲडमिरल हारकोर्टची जहाजं बंदरात आली ३० ऑगस्टला. मधले पंधरा दिवस बंदोबस्ताला जपानीच!

---

पाणबुडी

आणि नंतरही पोलीस नव्हतेच. विमानतळ बांधायला ओकिनावाला निघालेली आरएएफची, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाची, सुमारे तीन हजारांची तुकडी वाटेतून हाँगकाँगला वळवली. त्या सुतार-गवंडी-मेकॅनिक लोकांनी सुरुवातीला गोदामं राखली, गस्त घातली. मग ३ कमांडो ब्रिगेड आली, तिनेही पोलिसांचीच कामं केली. म्हणजे मॅक्डुगलच्या कागदावर काहीही असो, प्रत्यक्षात पहिले 'पोलीस' म्हणजे हातात स्पॅनर घेऊन निघालेली पोरं.

लोकसंख्याही लक्षात घ्या. युद्धापूर्वी सुमारे १६ लाख, १९४५ मध्ये उरली सुमारे सहा लाख, आणि मग लोंढे परत यायला लागले. १९४६ संपेस्तोवर आकडा पुन्हा पहिल्यासारखा. घरं पडलेली, तांदूळ महाग. अशा शहरात हवालदार नेमायचे आहेत.

---

हवालदार_ते_फौजदार

नमस्कार मंडळी. बरेच दिवसांनी लिहितोय. चौतीस वर्षं मुंबई पोलिसांत काढली, शिपाई म्हणून लागलो, फौजदार म्हणून निवृत्त. इतिहास तुमच्याइतका ठाऊक नाही, पण ठाणं बंद पडलं की काय होतं ते बघितलंय.

२००५ च्या २६ जुलैला मी उपनगरातल्या एका ठाण्यात होतो. नाव सांगत नाही. पाणी कमरेच्या वर. मुद्देमाल खोली तळाला, ती पूर्ण बुडाली. रजिस्टरं, केस पेपर, पंचनामे, सगळ्याचा लगदा. दुसऱ्या दिवसापासून आम्ही स्टेशन डायरीची पानं एकेक सोडवून बाकांवर पसरली, पंखे लावले. आपण चुरमुरे वाळत घालतो तसं. शाई पसरून निळे डाग, अक्षर शून्य. कोणता ऐवज कोणत्या गुन्ह्यातला, काही कळेना.

ठाण्याला वाचवलं कोणी? आमच्या क्राईम रायटरने, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी लिहिणाऱ्याने. अठरा वर्षं त्याच खुर्चीत. "ही सुरी अमक्याची, ही सायकल तमक्या गल्लीतली, ह्या माणसाची पुढची तारीख अमुक." तोंडपाठ. हा माणूस काही संत नव्हता, दर महिन्याला कोणाकडून काय येतं तेही त्याला तोंडपाठ होतं. पण त्या आठवड्यात त्याला निलंबित केलं असतं तर आम्ही उघडे पडलो असतो.

म्हणून दर्यावर्दींना उत्तर: सगळ्यांना काढायचं हे बाहेरून आलेला साहेबच म्हणू शकतो. बीटवर कोण राहतं, कोण कोणाचा खबरी, कुठल्या घराला मागचा दरवाजा आहे, हे जो शिपाई मागे राहिला त्यालाच ठाऊक.

---

चष्मिष्ट

काका, दंडवत.

पण हाच मुद्दा उलटाही जातो. कुठल्या घराला मागचा दरवाजा आहे हे त्यालाच ठाऊक, आणि पावणेचार वर्षं ती माहिती त्याने केम्पेताईला दिली. आता तोच शिपाई नवी टोपी घालून माझ्या दारात उभा राहिला तर मी त्याला चोरीची तक्रार सांगेन?

मलायाचं बघा. तिथे याच प्रश्नाचं फार वाईट उत्तर मिळालं. त्यांचंही नियोजन पथक १९४३ पासून लंडनमध्ये राल्फ होनच्या हाताखाली बसलं होतं. मलय पोलीस बहुतेक सगळे जपान्यांच्या काळात नोकरीत राहिले. धान्य वसुली, धरपकड, सगळ्यात तेच पुढे दिसायचे, त्यामुळे लोकांचा, विशेषतः चिन्यांचा, त्यांच्यावर भयंकर राग. जपान हरला आणि ब्रिटिश यायच्या आधीचे काही आठवडे जंगलातले जपानविरोधी गनीम गावांत उतरले. पोलीस ठाण्यांवर हल्ले, सूड, आणि जोहोरमध्ये मुआर-बातू पाहातकडे मलय-चिनी दंगे. मग ब्रिटिशांनी लष्करी कारभार सुरू केला, तो १ एप्रिल १९४६ पर्यंत चालला. इंग्रजी आद्याक्षरं बीएमए, लोक त्याची फोड करायचे 'ब्लॅक मार्केट ॲडमिनिस्ट्रेशन'. त्याच मोडक्या दलाला रंगरंगोटी करून चालवलं, आणि जून १९४८ मध्ये कम्युनिस्टांच्या सशस्त्र उठावामुळे तिथे आणीबाणी आली तेव्हा त्या दलाची लोकांत ना पत होती ना खबऱ्यांचं जाळं.

---

शेवगा

मग तिथे शेवटी काय केलं?

---

चष्मिष्ट

@शेवगा, आधी चुकीचं केलं. १९४८ मध्ये पॅलेस्टाइनचा कारभार ब्रिटिशांनी गुंडाळला, तिथला पोलीसप्रमुख निकोल ग्रे आणि त्याचे सार्जंट मलायात आणले. त्यांना भाषा येईना, आणि पोलिसिंग म्हणजे चिलखती गाडीतून गस्त एवढंच ठाऊक. १९५२ मध्ये नवा ब्रिटिश हाय कमिशनर टेम्पलर आल्यावर लंडन शहराचा पोलीस कमिशनर आर्थर यंग आणला. त्याने वर्षअखेरीस 'ऑपरेशन सर्व्हिस' काढलं. पोलिसाने लोकांशी नीट बोलायचं, मदत करायची. हसू येईल, पण सात वर्षांनी कोणीतरी पहिल्यांदा 'लोकांना पोलीस कसा दिसतो' हा प्रश्न विचारला.

---

चहाटळ

'पोलिसाने नीट बोलायचं' या मोहिमेची आमच्या नाक्यावर अजून वाट बघतोय. काका, ह. घ्या.

---

हवालदार_ते_फौजदार

घेतलं हलकेच. हेल्मेट घाला, मग बोलू.

---

बारा_बलुतं

हेल्मेटवरून आठवलं. हाँगकाँगचे शीख आणि हेल्मेट हे खरंच प्रकरण आहे! १९४० च्या अखेरीस तिथल्या तोफखान्यातल्या शीख गोलंदाजांनी लोखंडी टोप घ्यायला नकार दिला आणि मोठा पेच झाला. ते लष्कर होतं, पोलीस नव्हे. पण शीख पोलिसांतही तेव्हा धुसफूस होतीच. म्हणजे जपानी येण्याआधीच साहेबाच्या मनात पाल चुकचुकली होती.

दर्यावर्दींनी 'हिंदुस्थानी शिपाई' एका शब्दात उरकले, पण धाग्याचा गाभा तिथे आहे असं मला वाटतं. हाँगकाँग पोलिसांच्या नंबरापुढे अक्षर असायचं. ए म्हणजे युरोपियन, बी म्हणजे हिंदुस्थानी, सी म्हणजे स्थानिक कँटोनी, डी म्हणजे उत्तरेकडच्या शांतुंग प्रांतातले. पगार वेगळे, बराकी वेगळ्या. शांतुंगवाले का आणले? १९२२ च्या खलाशांच्या संपानंतर स्थानिक कँटोनी शिपायांवर भरवसा राहिला नाही म्हणून. शीख का आणले? १८६७ मध्ये, कारण त्याआधी आणलेले नापास ठरले म्हणून. आणि ते नापास कोण माहितीये? मुंबईचे! मुंबई पोलिसांतला कॅप्टन क्विन १८६० च्या दशकात तिथे प्रमुख झाला आणि त्याने इथून शिपाई नेले. पुढे गव्हर्नर मॅक्डॉनेलला ते पसंत पडेनात, आणि सिंधमध्ये नोकरी केलेल्या क्रे नावाच्या अधिकाऱ्याने शीख आणायचं सुचवलं.

सगळ्या दलाची बांधणीच 'कोण कोणाचा नातलग नाही' या हिशेबावर.

---

मधुमालती

मुंबईचे नापास! कोण असतील ते? आपल्याकडचे कोकणी-घाटी?

---

बारा_बलुतं

@मधुमालती, मुंबईत भरती झालेले, एवढंच म्हणतो. गावं जोडत बसत नाही.

---

कडुलिंब

अवांतर: मुंबईचे पारशी मात्र तिथे फर्स्ट क्लासमध्ये पास झाले. मोदी रोड आहे कौलूनमध्ये, होर्मसजी मोदींच्या नावाचा. स्टार फेरीही एका पारशानेच सुरू केली.

---

पाणबुडी

पारशांचा वेगळा धागा काढा हो. नाहीतर आता धानसाकवर येईल.

बारा_बलुतं यांच्या मुद्द्यावर: युद्धानंतर शिखांची भरती बंदच झाली. ही 'शिक्षा' होती असं सर्रास लिहिलं जातं. जपान्यांनी हिंदुस्थानी लोकांना जवळ केलं, इंडियन इंडिपेंडन्स लीग या जपानच्या पाठिंब्यावरच्या हिंदी स्वातंत्र्य संघटनेची शाखा होती, छावण्यांवर आणि गोदामांवर हिंदुस्थानी पहारेकरी दिसायचे. स्टॅन्लीच्या तारेआडून तीन-चार वर्षं तेच चेहरे बघितलेले गोरे अधिकारी बाहेर आले, ते काय विचाराने आले असतील? पण मला वाटतं खरं कारण सरळ आहे: १९४७. पंजाबच फुटला. भरती कुठून करणार?

---

चष्मिष्ट

असहमत. १९४७ हे कारण असतं तर १९५० च्या दशकात पाकिस्तानातून भरती का केली? तीही १९६१ पर्यंत चालली. पंजाब फुटला, पण अर्ध्या पंजाबातून शिपाई आणायला त्यांना काही अडचण आली नाही. अडचण होती ती विशिष्ट लोकांबद्दल.

---

पाणबुडी

हम्म. हा मुद्दा मला सुचला नव्हता. तरी स्वतंत्र भारताच्या सरकारला आपली माणसं साहेबाच्या वसाहतीत दंडुका घेऊन पाठवायला आवडलं नसतं, हेही धरा.

---

तिरसट

आणि त्या शिपायाला विचारलं का कोणी? जपानी काळात तांदळाचं रेशन माणशी दिवसाला ६.४ ताएल, म्हणजे साधारण पाव किलो. १९४४ मध्ये तेही सर्वसाधारण जनतेचं बंद झालं, सरकारी कामावर असलेल्यांनाच मिळत राहिलं. घरी बायको-पोरं. गावी जायला जहाज नाही. अशा वेळी नोकरी धरून ठेवणं म्हणजे 'गद्दारी'? स्टॅन्लीतल्या साहेबांचे हाल झाले, कबूल. पण शरणागती शिपायाने नव्हती पत्करली.

---

मधुमालती

तिरसट, पहिल्यांदाच तुमच्याशी पूर्ण सहमत. तारीख लिहून ठेवते.

---

निशाचर

आणि 'हिंदुस्थानी म्हणजे जपान्यांचे' हेही सरसकट खरं नाही. राजपूत पलटणीचे कॅप्टन मतीन अन्सारी जपान्यांनी केलेल्या छळाला पुरून उरले, फितूर झाले नाहीत. २९ ऑक्टोबर १९४३ ला स्टॅन्लीच्या किनाऱ्यावर त्यांना मारलं, मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. त्याच दिवशी, त्याच जागी पोलीस अधिकारी वॉल्टर स्कॉटलाही मारलं. छावणीतून गुप्त निरोप बाहेर जायचे त्या प्रकरणात. ते निरोप नेणारे बाहेरचे हात कोणाचे असतील याचा विचार करा.

---

शेवगा

मूळ प्रश्नाला धरून विचारतो. पगार किती द्यायचा हे त्या आराखड्यांत असायचं का? इथे सगळे निष्ठेवर बोलतायत, पण शिपाई टिकतो पगारावर.

---

बारा_बलुतं

@शेवगा, नेमक्या जागी बोट ठेवलंत. ब्रह्मदेश बघा. तिथलं परागंदा ब्रिटिश सरकार आपल्याकडे सिमल्याला बसून होतं. गव्हर्नर डॉर्मन-स्मिथ आणि मंडळी देवदारांच्या सावलीत पुनर्रचनेचे कागद रंगवत होते. परत गेल्यावर काय झालं? सप्टेंबर १९४६ मध्ये रंगूनच्या पोलिसांनीच संप केला. कारण पगार, महागाई. बघता बघता बाकीचे सरकारी नोकर सामील झाले, सार्वत्रिक संप झाला. नवा गव्हर्नर ह्युबर्ट रान्स नुकता येऊन टेकला होता. महिना संपायच्या आत त्याला ब्रह्मी स्वातंत्र्यवाद्यांचे नेते आंग सान यांना कार्यकारी मंडळात घ्यावं लागलं. ज्या दलाच्या जोरावर राज्य परत बसवायचं, त्याच दलाने ते हलवलं.

---

हवालदार_ते_फौजदार

१९८२ चा ऑगस्ट आठवला. मी नवीन लागलो होतो. मुंबईत पोलिसांनीच बंड केलं आणि रस्त्यावर लष्कर. त्यावर जास्त लिहीत नाही. पण शेवगा बरोबर बोलले. लाइनीतल्या खोलीत पाच जण आणि महिनाअखेरीला उसनवारी, मग निष्ठेचं भाषण कोणाच्या कानात शिरणार?

---

चष्मिष्ट

हाँगकाँगमध्ये याची किंमत उशिरा वसूल झाली असं मला वाटतं. १९४६ च्या अखेरीस मलाया-सिंगापूरकडचा डंकन मॅकिंटॉश कमिशनर झाला, १९५३ पर्यंत होता. कामाचा माणूस. प्रशिक्षण शाळा १९४८ मध्ये वाँग चुक हाँगला नेली, १९४९ मध्ये पहिली महिला सब-इन्स्पेक्टर घेतली, सरहद्दीवर टेहळणीच्या गढ्या बांधल्या, त्या अजून त्याच्याच नावाने ओळखतात. बाहेरून दल चकाचक. पण हप्त्याचं जे यंत्र आत होतं ते कोणी उघडून पाहिलं नाही. १९७३ मध्ये चीफ सुपरिंटेंडंट गॉडबर बेहिशेबी पैसा करून पळाला, लोक रस्त्यावर उतरले, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोग काढावा लागला, तोही पोलिसांपासून पूर्ण वेगळा.

---

पाणबुडी

१९४५ पासून थेट १९७३ वर उडी? ही जरा मारुतीची उडी झाली. गॉडबर नोकरीला लागला १९५२ मध्ये. त्याला जपान्यांचा काय दोष?

---

चष्मिष्ट

जपान्यांचा दोष म्हणत नाहीये. म्हणतोय की आराखडा करणाऱ्यांनी शिपायाची जात-जमात पारखली, हिशेबाची वही पारखली नाही. उडी मोठी आहे, मान्य.

---

निशाचर

कोरियाचं उदाहरण कोणी घेतलं नाही अजून. तिथे अमेरिकन लष्कराने जपान्यांनी घडवलेले कोरियन पोलीस जसेच्या तसे ठेवले. 'कामाचे आहेत' म्हणून. ऑक्टोबर १९४६ मध्ये देगूत उठाव झाला, लोकांचा पहिला राग पोलिसांवर. काकांच्या क्राईम रायटरसारखं सगळ्यांनाच ठेवायचं म्हटलं की हेही होतं.

---

चहाटळ

क्राईम रायटर बिचारा देगूपर्यंत पोचला. पासपोर्ट होता का त्याच्याकडे?

---

हवालदार_ते_फौजदार

निशाचर, खरं आहे तुमचं. मी रात्री विचार करत बसलो होतो. माझ्या उत्तरात एक भोक आहे. आमच्या रायटरला पुरानंतर लोक शिव्या घालत नव्हते, म्हणून त्याला ठेवणं सोपं होतं. पूर कोणाच्या दारात वर्दी घालून गेला नव्हता.

तर मी त्या टेबलाशी असतो तर असं केलं असतं. पहिल्या सकाळी ठाण्यासमोर हजेरी. जे येतील ते सगळे ओळीत. जुना बिल्ला आहे का, नंबर काय, तो रजिस्टरात लिहायचा. जपानी बंदूक असेल ती टेबलावर. मग तिथल्या तिथे, चौकशीच्या आधी, तांदूळ आणि महिन्याचा पगार हातात. उपाशी माणसाची चौकशी करून काही हाती लागत नाही, तो जे विचाराल त्याला होय म्हणतो. त्यानंतर बदली. एकालाही जुन्या बीटवर ठेवायचं नाही. वानचायचा कौलूनला, कौलूनचा वानचायला. मग ठाण्याबाहेर एक बाक टाकायचा आणि महिनाभर बीटवरच्या बायकांना येऊ द्यायचं. कोणी दार फोडलं, कोणी पोराला उचललं, त्या नावानिशी सांगतात. पुरुष सांगत नाहीत, बायका सांगतात. ज्याचं नाव तीन वेगळ्या घरांतून येईल तो गजाआड. बाकीचे कामावर.

एवढं करायला लंडनमध्ये दोन वर्षं कशाला बसायचं, ते मला कळलेलं नाही.

---

तिरसट

काका, त्या बाकावर बसून ऐकणारा कुठल्या भाषेत ऐकणार? गोऱ्याला कँटोनी येत नाही, शिखाला जेमतेम, शांतुंगवाल्याची भाषाच निराळी. शेवटी दुभाषा लागणार, आणि तो तुमचा रायटर.

---

हवालदार_ते_फौजदार

हं. हे मात्र खरं.

---

दर्यावर्दी

सगळ्यांचे आभार. एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. बारा_बलुतं यांनी ए-बी-सी-डी सांगितल्यावर एक गोष्ट लक्षात आली. तिथल्या आमच्या ऑफिसातल्या एका साठीच्या बाईंना मी ताय क्वूनला जाऊन आलो म्हणताच त्यांनी लहानपणची एक ओवी म्हणून दाखवली होती: 'ए बी सी डी, मोठ्या डोक्याचा हिरवा कोट, चोर काही सापडेना, शिट्टी फुंकतोय.' मोठं डोकं म्हणजे फेटा, हिरवा कोट म्हणजे पोलिसाची वर्दी. मी हसलो, त्याही हसल्या. मला वाटलं होतं ए बी सी डी नुसतं यमकासाठी आहे.

---

शेवगा

चाल कशी होती?

---

दर्यावर्दी

'ये रे ये रे पावसा'च्या जवळपास. रेकॉर्ड करायला हवं होतं, राहून गेलं.